गणवेशातली विमानं

कळंबोली हे वजनाचं गाव. मुंबईतला लोखंडाचा घाऊक व्यापार शहराबाहेर न्यायचा म्हणून इथं पोलाद बाजार वसवला गेला, आणि तेव्हापासून ट्रेलर, क्रेन, वजनकाटे आणि माथाडी यांच्या वेळापत्रकावर इथला दिवस चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही इथूनच सुरू होतो. अशा गावात बसून बाल्सा लाकडाबद्दल लिहायचं म्हणजे तराजूच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाणं आहे. ३६ इंच लांब, ३ इंच रुंद आणि १/१६ इंच जाड अशी बाल्साची शीट साधारण १८ ग्रॅम भरते. त्याच मापाची पोलादी पट्टी साडेआठशे ग्रॅमच्या पुढे जाते.

तरीही हा विषय आता कळंबोलीच्या दाराशी आला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. पनवेल तालुक्याच्या शब्दसंग्रहात ‘रनवे’ आणि ‘टर्मिनल’ हे शब्द कायमचे दाखल झाले. पण विमान ही वस्तू मराठी मुलांच्या हाताला त्याआधी पंचाहत्तर वर्षं लागलेली होती. ती प्रवासी म्हणून नव्हे, तर ब्लेड, टाचण्या आणि डिंक घेऊन बसलेल्या कारागिराच्या हाताला. त्या विमानांचा इतिहास बहुतेक वेळा छंदाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. महाराष्ट्रात तो तसा घडला नाही. पश्चिमेत बाल्साचं विमान खाऊच्या पैशातून, दुकानातून घरात आलं. आपल्याकडे ते परेडच्या मैदानावरून, सरकारी गणवेशात आलं.

दहा सेंटचं विमान

उडणारं खेळणं विमानाच्या आधीचं आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्युलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच माणसानं पीळ दिलेल्या रबरावर चालणारं आपलं ‘प्लॅनोफोर’ उडवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. माणूस नसलेलं, पण स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारं हे यंत्र होतं. पेनोच्याच धर्तीवरचं कागद, बांबू आणि बुचाचं एक रबरी हेलिकॉप्टर १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं. मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल. पंचवीस वर्षांनी, १९०३ मध्ये, त्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवातीची मॉडेलं स्प्रूस, पाइन आणि बांबूची असत. बाल्सा आला तो दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः इक्वाडोरमधून. हे झाड पाच-सात वर्षांत तोडायला येतं. त्याच्या पेशी मोठ्या, भिंती पातळ आणि ओल्या लाकडात पाणी अफाट. ते पाणी भट्टीत सुकवून काढलं की उरतं ते घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो वजनाचं लाकूड. सागवान याच मापात ६५० च्या आसपास जातो. आपल्या कोकणातल्या काटेसावरीशी बाल्साचं नातं आहे. दोन्ही झाडं जुन्या वर्गीकरणात एकाच कुळात मोडत. दोघांच्याही बोंडात कापूस असतो, दोघांचंही लाकूड मऊ. कर्नाळ्याच्या वाटेवर माघ-फाल्गुनात लालभडक फुलणारी सावर काडेपेटीच्या काड्यांना आणि खोक्यांना चालते. विमानाला मात्र ती चालत नाही. तिचं लाकूड बाल्साच्या दुपटीहून जड आणि त्याला कीड-बुरशी लवकर धरते. कुळ एक असलं तरी नशीब वेगळं.

१९२७ च्या मे महिन्यात लिंडबर्गनं एकट्यानं अटलांटिक ओलांडला आणि अमेरिकेतल्या पोरांना विमानाचं वेड लागलं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफील्ड इथं पहिल्या महायुद्धातले नौदल वैमानिक पॉल गिलो यांनी १९२६ मध्येच धंदा मांडला होता. शिकागोत १९२९ मध्ये कॉमेट कंपनी निघाली. याच सुमाराला महामंदी कोसळली, आणि गंमत म्हणजे मंदीनं हा धंदा बुडवला नाही, वाढवला. दहा सेंटला मिळणाऱ्या पेटीत एक छापील नकाशा, बाल्साच्या काड्या, भाग छापलेल्या दोन-तीन शीट, पातळ टिश्यू कागद आणि रबर असे. बापाची नोकरी गेलेल्या घरातही एवढं परवडत होतं. इंग्लंडमध्ये एडी कील यांची ‘कीलक्राफ्ट’ हेच काम करत होती, आणि ‘एअरोमॉडेलर’ हे मासिक १९३५ पासून निघत होतं.

ही पेटी आणि दुकान यांची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात थोडी बदलली. बाल्सा युद्धसामग्री ठरला. तराफ्यांना तो लागे, आणि ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश बॉम्बरच्या धडाला तर लागेच: बर्चच्या दोन पातळ प्लायमध्ये बाल्साचा थर, अशी त्याची भिंत होती. मुलांच्या पेट्यांमध्ये मग पाइन आणि पुठ्ठा येऊ लागला. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं शाळकरी मुलांकडूनच शत्रू-मित्र विमानं ओळखण्यासाठी पाच लाख लाकडी मॉडेलं १:७२ या प्रमाणात करून मागितली. छंदाला गणवेश चढवण्याची कल्पना तिथंही सुचली होती. तिथं ती युद्धापुरती राहिली.

मॉस्किटोचा एक तुकडा आपल्याही वाट्याला आला. ही लाकडी विमानं ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आणली, आणि १९४४ च्या पावसाळ्यानंतर काही विमानं हवेतच मोडली. नोव्हेंबरात त्यांची उड्डाणं थांबवून चौकशी झाली. पाऊस, ऊन आणि दमट हवेनं लाकडाच्या आकारावर केलेला परिणाम आणि कारखान्यातल्या जोडणीचे दोष, दोन्ही त्यात चर्चेला आले. चिकटवलेलं लाकूड आणि मोसमी हवा यांचं वैर पुढं आपल्या पोरांच्या टेबलावरही लढलं जायचं होतं, फक्त त्यात कुणाचा जीव जात नव्हता.

एक एप्रिल एकोणीसशे पन्नास

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई हे हिंदुस्थानी उड्डाणाचं मोठं केंद्र होतं. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान उतरवलं ते जुहूलाच. पण हे जग क्लबचं आणि पैशांचं होतं. गिरगावातल्या किंवा पनवेलातल्या मुलासाठी विमान म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट होती.

ती खाली आणली एका समितीच्या अहवालानं. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये नेमलेल्या समितीनं विद्यार्थ्यांच्या राष्ट्रव्यापी छात्रसेनेची शिफारस केली. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ पासून एनसीसी अस्तित्वात आली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला. आणि १ एप्रिल १९५० रोजी हवाई शाखा उभी राहिली. पहिल्या दोन एअर स्क्वाड्रन कुठं असाव्यात? एक कोलकात्याला, दुसरी मुंबईला.

आता प्रश्न असा की कॉलेजातल्या शेकडो मुलांना हवाई दलाचं शिक्षण द्यायचं कशावर? खरी विमानं मूठभर, पेट्रोल महाग, वैमानिक शिक्षक त्याहून दुर्मीळ. उत्तर होतं एअरोमॉडेलिंग. पंखाला उचल कशी मिळते, शेपूट कशाला हवी, गुरुत्वमध्य दोन बोटं मागे सरकला तर काय होतं, हे फळ्यावर शिकवण्यापेक्षा हातात देऊन शिकवणं स्वस्त पडतं. म्हणून एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल बनवणं हा अभ्यासक्रमाचा भाग झाला आणि एअर स्क्वाड्रनमध्ये ‘एअरोमॉडेलिंग इन्स्ट्रक्टर कम स्टोअरकीपर’ नावाचं पद आलं. शिकवणारा आणि कोठारवाला एकच माणूस. पश्चिमेत बाल्सा हा पोराच्या कपाटातला ऐवज होता. इथं तो साठ्याच्या वहीत चढत होता. शीट मोजून मिळायची, कागद ताठ करणाऱ्या डोपचा डबा कुलपात असायचा.

या व्यवस्थेची चेष्टा करणं सोपं आहे. पण तिनं जे केलं ते बाजारानं केलं नसतं. विमानाची किट विकत घेणं ज्या घरांच्या स्वप्नातही नव्हतं, त्या घरांतली मुलं बाल्सा कापायला शिकली. पुढं मुंबईबरोबर पुणे आणि नागपूरलाही एअर स्क्वाड्रन आल्या. पाश्चात्त्य जाहिरातींमध्ये बाल्साची पेटी नेहमी मुलाच्याच हातात दिसे. इथं हवाई शाखेत मुली आल्या आणि पंखाच्या फासळ्या त्याही घासू लागल्या. वर्षाकाठी होणाऱ्या अखिल भारतीय वायू सैनिक शिबिरात राज्याराज्यांचे संघ मॉडेलं घेऊन उतरू लागले. ढाल जिंकण्यासाठी बाल्सा उडवणं ही परंपरा इथं अशी रुजली.

काळही अनुकूल होता. गडहिंग्लज परिसरात जन्मलेले आणि जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये स्वदेशी शिकाऊ विमान रचत होते. त्यांचं एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. त्याच कारखान्यात कुर्ट टँक यांच्या ‘मारुत’ या लढाऊ जेटचा आराखडा तयार झाला, तेव्हा धातूचं विमान बांधण्याआधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवून १९५९ मध्ये ते डाकोटाच्या मागे दोरीला बांधून वर नेलं गेलं. सत्तरहून जास्त उड्डाणांनी आकाराची परीक्षा झाली आणि मग जून १९६१ मध्ये जेट उडालं. मॉडेल म्हणजे पोरखेळ असं म्हणणाऱ्यासाठी हे उत्तर पुरेसं आहे. आधी लाकडात चूक करायची, मग धातूला हात लावायचा. पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आणि पुढं १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग-२१ चा कारखाना आला, तेव्हा महाराष्ट्रात हवाई कामाचा एक तुटक पण खरा पट्टा तयार झाला होता.

परवाना, परकीय चलन आणि पोलादी तार

मग घरोघरी हा छंद का पसरला नाही? पैसा हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं कायद्याच्या पुस्तकात सापडतं.

पहिला कायदा १९४७ चा, आयात-निर्यात नियंत्रणाचा. त्यात १९५६-५७ ला परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि ज्याच्यावाचून अडत नाही अशी प्रत्येक वस्तू बंदराबाहेर थांबली. खेळण्यातलं विमान अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत कुठं असणार? विलायती किट म्हणजे कुणाच्या तरी बॅगेतून आलेली वस्तू होऊन बसली. ही पोकळी काही अंशी भरली ती कोलकात्यानं. तिथल्या ‘इंडियाज हॉबी सेंटर’नं देशी किट पुरवल्या आणि ‘ऑरोरा’ नावाची छोटी इंजिनं बनवली. एनसीसीतून गेलेल्या कित्येक पिढ्यांना हे नाव ठाऊक आहे.

दुसरा कायदा १९३३ चा, वायरलेस टेलिग्राफीचा. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणं हाच त्यात गुन्हा. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये रेडिओनं मॉडेल उडवून दाखवलं होतं. इथं रेडिओ कंट्रोल म्हणजे ट्रान्समीटर, आणि ट्रान्समीटर म्हणजे परवाना. तेव्हा बिनतारी नाही तर तारेनं. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत जिम वॉकर यांनी लोकप्रिय केलेली कंट्रोल लाइन पद्धत, पोरांच्या भाषेत ‘यू-कंट्रोल’, इथं दीर्घकाळ राज्य करून गेली ती मुख्यतः या कारणानं.

पद्धत अशी: मैदानाच्या मधोमध उडवणारा उभा. हातात मूठ. मुठीपासून साधारण १५-१६ मीटर लांबीच्या दोन पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात आणि बेलक्रँक नावाच्या त्रिकोणी तुकड्याला जोडतात. मनगट वर केलं की शेपटीवरचा एलिव्हेटर वर, विमान वर. मनगट खाली, विमान खाली. दिशा बदलण्याचा प्रश्नच नाही; विमान गोलच फिरणार, आणि त्याच्याबरोबर उडवणाराही. पहिल्या दहा फेऱ्यांत भोवळ येते. भोवळीत मनगट हललं की महिनाभराचं काम एका सेकंदात काड्या-काड्या होऊन मैदानावर पसरतं.

इंजिन बहुधा दोन-अडीच सीसीचं डिझेल. ‘डिझेल’ म्हणायचं, पण त्यात पंपावरचं डिझेल नसे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं साधारण समप्रमाणातलं मिश्रण असे: ईथर पेट घ्यायला, रॉकेल जळायला, एरंडेल वंगणाला. ग्लो इंजिनांना लागणारं नायट्रोमिथेन महाग आणि दुर्मीळ; एरंडेल मात्र भारताइतकं कुठंच पिकत नाही. पंखा बोटानं झटका देऊन फिरवायचा. इंजिन उलटं लाथाळलं की बोट सुजायचं. हवाई शाखेच्या आठवणी सांगणाऱ्यांना आजही आधी तो वास आठवतो आणि मग ते बोट.

टेबलावर

उड्डाण पाच मिनिटांचं, बांधकाम पाच आठवड्यांचं. त्यामुळे या कलेचा खरा संसार टेबलावर.

सपाट मऊ फळीवर नकाशा पसरायचा. त्यावर बटर पेपर, नाही तर डिंकानं नकाशाच चिकटून बसतो. शीटमधून फासळ्या म्हणजे रिब कापायच्या. जुन्या पेट्यांमध्ये भाग छाप्यानं कापलेले असत. छापा बोथट झाला की तो लाकूड कापण्याऐवजी चिरडत असे, आणि तो भाग मग नवीन शीटवर गिरवून पुन्हा कापावा लागे. दाढीचं अर्धं ब्लेड हे मुख्य हत्यार. सगळ्या रिब एकत्र टाचून पॉलिश पेपरनं एकदम घासायच्या, म्हणजे दोन्ही पंख सारखे होतात. पंखाची आडवी तुळई म्हणजे स्पार, पुढची कड, मागची कड टाचण्यांनी बसवायच्या आणि रात्रभर हात लावायचा नाही.

शीट निवडणं हे अर्धं काम. एकाच खोडातून निघालेल्या दोन शीट वजनात दुप्पट फरकाच्या असू शकतात. हलकी, वाकणारी शीट धडाच्या गोलाईला. ताठ, अंगावर ठिपके दिसणारी शीट रिबला. जड आणि चिवट ती स्पारला. कोठारातून मोजून मिळालेल्या लाकडात ही चैन नसे. मग मुलं तेच लाकूड हातात तोलून, वाकवून, उजेडाकडे धरून ते कुठं बसवायचं ते ठरवत. टंचाईनं शिकवलेला हा विवेक कुठल्याही सूचनापत्रात लिहिलेला नव्हता.

सांगाडा झाला की टिश्यू. कागद ओलसर करून ताणायचा आणि त्यावर डोपचे हात द्यायचे. डोप सुकताना आवळतो आणि कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. कोकणपट्टीत मात्र जून ते सप्टेंबर हा डोप देण्याचा काळ नव्हे. दमट हवेत डोपवर पांढरी साय धरते, कागद सैलावतो, आणि एका बाजूनं जास्त आवळला तर पंखाला पीळ बसतो. मॉस्किटोला छळणारी हीच ती हवा. पीळ बसलेला पंख वाफेवर धरून उलटा पिळायचा, हा त्यावरचा घरगुती उपाय.

परदेशी पुस्तकं बाल्सा सिमेंटबद्दल बोलत. इथं १९५९ मध्ये मुंबईत फेविकॉल आलं. सुतारांसाठी काढलेला हा पांढरा डिंक बाल्सालाही धरतो. तो सुकायला वेळ घेतो आणि वजनही वाढवतो, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि जुगाडाच्या देशात तेवढं पुरे.

या सगळ्यात एक हिशेब सतत चाललेला असतो: हरभऱ्याएवढा डिंक जास्त झाला तर तो कुठं झाला? नाकाकडे असेल तर चालेल. शेपटीकडे असेल तर तेवढंच नव्हे, त्याच्या तिप्पट-चौपट वजन नाकात घालावं लागेल, कारण शेपूट लांब आहे आणि नाक आखूड. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात हवा. तरफेचा नियम शाळेत सगळेच शिकतात; इथं तो न पाळणाऱ्याचं विमान आधी नाक वर करतं, मग थांबतं आणि मग पडतं. ज्यानं हे एकदा पाहिलं त्याला ‘स्टॉल’ या संज्ञेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दारं उघडली तेव्हा

१९९१ ला अर्थव्यवस्था खुली झाली असं आपण सरसकट म्हणतो. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची बंधनं मात्र त्यानंतरही दशकभर राहिली. अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत नेलेला खटला भारत हरला आणि १ एप्रिल २००१ रोजी शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे परिमाणात्मक निर्बंध उठले. २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, आणि थोड्याच वर्षांत रिमोट कंट्रोलचे संच त्याच पट्ट्यावर आले. पन्नास वर्षं अडून राहिलेल्या दोन्ही वाटा चार वर्षांच्या अंतरानं मोकळ्या झाल्या.

पण त्या दारातून बाल्सा आला नाही, निदान एकटा आला नाही. आला फोम. चीनमधून साच्यात ओतलेली विमानं, विजेची ब्रशलेस मोटर, लिथियम पॉलिमर बॅटरी. पेटी उघडा, पंख खोचा, उडवा. पडलं तर चिकटवा. ईथरचा वास गेला, सुजलेलं बोट गेलं, आणि त्यांच्याबरोबर पाच आठवड्यांचं टेबलही गेलं. त्यापाठोपाठ ड्रोन आला, ज्याला तोल सांभाळायला उडवणाऱ्याची गरजच नव्हती. अमेरिका-इंग्लंडात याच काळात जुन्या किटचे नकाशे जपणारे, तीस-चाळीसच्या दशकातली विमानं पुन्हा बांधणारे संघ फोफावले, कारण तिथं या विमानांशी माणसांचं बालपण बांधलेलं होतं. आपल्याकडे तसं पुनरुज्जीवन झालं नाही. ज्याचा मालक कोठार होतं, त्याची आठवण जपायला वारस कुठून येणार? छात्र गणवेश उतरवून नोकरीला लागले, विमान स्क्वाड्रनच्या खोलीत छताला टांगलेलं राहिलं. सरकारनं हा छंद लाखोंपर्यंत नेला, पण घरापर्यंत नेला नाही. या व्यवस्थेचं मोठं यश आणि तिची मर्यादा एकाच कारणातून निघतात.

बाल्साला दुसरं गिऱ्हाईक मिळालं ते वेगळंच. पवनचक्कीच्या लांबलचक पात्यांच्या गाभ्यात, फायबरच्या दोन थरांमध्ये, आज बाल्सा वापरतात. मॉस्किटोच्या भिंतीचीच ही युक्ती. २०२० च्या सुमाराला चीनमध्ये पवनचक्क्या उभारण्याची घाई झाली तेव्हा इक्वाडोरमध्ये बाल्साची अशी लूट झाली की अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या आदिवासी प्रदेशातली झाडंही सुटली नाहीत. जगातल्या एकूण बाल्सात मॉडेलवाल्यांचा वाटा आता चिमूटभर आहे.

तरीही मुंबई परिसरात बाल्सा संपला नाही. तो कॉलेजात सरकला. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘एसएई एअरो डिझाइन’सारख्या स्पर्धांसाठी ठरावीक वजन उचलणारी विमानं बांधतात. आता रिब ब्लेडनं नाही, लेझरनं कापली जाते. नकाशा संगणकावर असतो. फेविकॉलच्या जागी फेविक्विक आलं आहे. पण स्पर्धेत गुण मिळतात ते उचललेल्या वजनाचे, आणि त्यामुळे शेपटीकडे सांडलेल्या थेंबाचा जुना हिशेब तसाच्या तसा लागू पडतो.

विमानतळाशेजारचं गाव

आता कळंबोली. कंट्रोल लाइनला हवी असते ती सपाट, विजेच्या तारांपासून लांब अशी मोकळी जागा. सिडकोची नवी वसाहत होत असताना भराव टाकलेल्या, इमारत न आलेल्या भूखंडांच्या रूपानं अशी जागा इथं मुबलक होती. ती आता भरली. शिवाय वरची जागाही बदलली. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत रिमोटचं विमान जमिनीवरून उचलायलाही परवानगी लागते, आणि कळंबोली त्या वर्तुळात सहज बसते. नियम रास्त आहे. उतरत्या जेटच्या वाटेत कुणी छंद करू नये.

त्यातून निघणारी गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. विमान गावाच्या इतक्या जवळ आलं की गावातल्या मुलाला विमान उडवता येईनासं झालं. विमानतळावर रोजगार येईल. सामान चढवणारे, पहारा करणारे, सफाई करणारे हात या तालुक्यातूनच जातील. देखभालीच्या शेडमध्ये आणि नियंत्रण कक्षात जाणारे हात कुठून येतील, हे आज शाळेत असलेल्या मुलांच्या हाताला काय लागतं यावर ठरेल. १९५० च्या भारताकडे पैसा नव्हता, परकीय चलन नव्हतं, विमानं नव्हती. तरी कुणाला तरी सुचलं की विमान येण्याआधी विमानाची जाण आली पाहिजे, आणि ती काही ग्रॅम लाकडातून येऊ शकते. त्यासाठी एक पद निर्माण झालं, एक कुलूपबंद कपाट आलं, आणि तीन शहरांतून पिढ्यानपिढ्या मुलं-मुली शिकली.

रबरावर उडणारं बाल्साचं विमान शाळेच्या सभागृहातही उडतं. त्याला रनवे लागत नाही आणि इंजिनही लागत नाही. पनवेल महापालिकेच्या हद्दीत शाळांची कमतरता नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयंही आहेत. विमानतळाच्या खर्चाशी तुलना केली तर एका शाळेतल्या एका टेबलाचा, ब्लेडचा आणि वर्षभराच्या शीटचा खर्च आकड्यात धरण्याइतकाही नाही. कमी आहे ती फक्त कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची हे ठरवणाऱ्याची. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ती सरकारनं स्वतःच्या हातात ठेवली होती आणि त्यामुळे छंद गणवेशाबरोबर उतरला. या वेळी ती मुलांकडेच द्यावी.